नरसाक्काच्या घरची पाहुणी कुत्री

नरसाक्काकडं कुत्रं ठेवायला आलेल्या माणसाला, तो कितीही मोठा असो, आधी ओट्यावर मांडी घालून बसावं लागे. गड्याच्या हाती कुत्रं धाडलं तर ती दारच उघडायची नाही. ज्याचं कुत्रं त्यानंच आणायचं. सोबत कुत्र्याचा शिधा आणायचा, म्हणजे ज्वारी, आणि आपल्या अंगावरचं एखादं जुनं, न धुतलेलं कापड. मग नरसाक्का आतून गरम भाकरी आणून ठेवायची. मालकानं ती कुस्करून आपल्या हातानं कुत्र्याला घालायची, आणि आपण कुठं चाललो, कधी येणार, हे त्याच्या तोंडाकडं बघून त्याला सांगायचं.

"खरं सांगा बरं का," ती दाराआडून बजावायची. "पंधरा दिस लागणार असतील तर पंधराच म्हणा. मला खोटं सांगितलं तर मी समजून घेईन. त्याला कोण समजावून सांगणार?"

ज्यांच्यापुढं अख्खं गाव वाकायचं असे कचेरीतले अंमलदार शेरवानीची घडी सावरत आमच्या गल्लीत बसून कुत्र्याला दौऱ्याचा कार्यक्रम सांगताना मी माझ्या डोळ्यांनी बघितले आहेत. हसू दाबायला मी पदराचा बोळा तोंडात धरायची. नरसाक्का मात्र हसायची नाही. तिला त्यात हसण्यासारखं काही दिसतच नव्हतं.

हे सगळं देगलूरचं, निजामाच्या राज्याच्या अखेरच्या वर्षांतलं. माझं लग्न होऊन मी तिथं आले तेव्हा आमचे हे मदरशात मास्तर होते. शाळेला मदरसाच म्हणायचे, आणि शिकवायचं सगळं उर्दूत. घरात मराठी, बाजारात तेलुगू, वाण्यांच्या आळीत कानडी आणि कचेरीत उर्दू, अशी त्या गावाची चार तोंडं. आमच्या घराला लागून नरसाक्काचं घर. मधली भिंत एकच, त्यामुळं तिच्याकडं काय शिजतंय ते मला कळायचं आणि माझ्याकडं काय करपलंय ते तिला. तोंडावर मी तिला अहोजाहो करायची, पण आठवणीतली नरसाक्का मला 'ती'च वाटते, तेव्हा इथंही ती 'ती'च राहू द्या.

उंच, हाडापेरानं मोठी बाई. लुगड्याचा काष्टा घट्ट, कपाळावर आडवी चिरी, आणि दोन्ही हातांत काचेच्या इतक्या बांगड्या की ती कुठल्या खोलीत आहे हे बाहेरून कळावं. आवाज असा की ती परसात बोलली तर कोपऱ्यावरचा शिंपी उत्तर द्यायचा. दोन्ही पोरी उदगीरकडं दिलेल्या. घरात ती आणि तिचे यजमान किशनराव, एवढीच माणसं.

किशनराव एका वकिलाकडं मुन्शी होते. सुरुवात त्या वकिलाच्याच कुत्र्यापासून झाली. वकिलांना हैदराबादला मोठ्या कोर्टात मुक्कामानं जायचं होतं, त्यांनी किशनरावांना सहज विचारलं, आणि किशनरावांना जन्मात कुणाला 'नाही' म्हणता आलं नव्हतं. खरं तर हा माणूस कुत्र्याला इतका भ्यायचा की रस्त्यात कुत्रं दिसलं की शेजारच्या दुकानात शिरून नको असलेल्या वस्तूचा भाव विचारायचा. वकिलाचा गडी कुत्रं घेऊन पुढं, आणि किशनराव बरेच मागं, अशी ती वरात आली. नरसाक्कानं कुत्र्याकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं आणि विचारलं, "दोघांतलं आत कुणाला घेऊ?"

त्या कुत्र्यानं अन्नाला तोंड लावलं नाही. दाराशी नाक लावून पडून राहिलं. नरसाक्कानं दूध दिलं, तूप दिलं, देवाचा अंगारा लावला. शेवटी वकिलांच्या घरून त्यांचा जुना सदरा मागवला आणि त्याच्या अंगाखाली घातला, तेव्हा ते त्यावर मुटकुळं करून झोपलं आणि उठून जेवलं. तिचे नियम तिथून सुरू झाले. वकिलांनी गावभर सांगितलं आणि मग कोण दौऱ्याला निघाला, कोण लग्नाला, कोण नांदेडला जाऊन रेल्वेनं तिरुपतीला, की आपलं कुत्रं घेऊन आमच्या गल्लीत हजर. एकदा तर एका धनगरानं मेंढरं घेऊन लांब जाताना पायानं अधू झालेलं कुत्रं तिच्याकडं ठेवलं. त्याच्यापुढंही तीच भाकरी, तेच बसणं. किशनराव तेवढे भर उन्हाळ्यात घरातल्या घरात छत्री घेऊन फिरायला लागले. पडवीतून न्हाणीकडं जाताना ती कुत्र्याच्या बाजूला उघडी धरायचे.

तिचं सोवळं कडक होतं. कुत्र्यांनी पडवी आणि अंगण वापरायचं, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला नाक लावायचं नाही. आणि लावायची नाहीत हो, देवाशपथ. बायका टोचायच्या, "नरसाक्का, कुत्र्याचा विटाळ होत न्हाई का गं?"

"होतो की. म्हणून तर न्हाते," ती म्हणायची. "विटाळ पाण्यानं जातो. मुकं जनावर दारात उपाशी ठेवलं तर ते कशानं जातं, सांग."

एकादशीला तिच्या घरात भाकरी होत नसे, म्हणून कुत्र्यांनाही भगर. तहसीलदारांचं शिकारी कुत्रं, मटणाशिवाय ज्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता, त्यानं आमच्या गल्लीत एकादशी निमूट पाळली. तहसीलदारांचा खानसामा तक्रार घेऊन आला, कुत्रं वाळलं म्हणाला. "वाळलं न्हाई, हलकं झालंय. पळवून बघ," नरसाक्का म्हणाली. त्यानं पळवून बघितलं की नाही कुणास ठाऊक, पण पुढच्या दौऱ्याला ते कुत्रं पुन्हा तिच्याकडंच आलं.

प्रत्येक कुत्र्याशी ती त्याच्या घरच्या बोलीत बोलायची. माहेर निलंग्याचं, त्यामुळं कानडी थोडी येत होती. वाण्याच्या कुत्र्याला "बा इल्लि", तेलुगू कोमट्याच्या कुत्र्याला "इक्कड रा", दोन्हींचा अर्थ एकच, इकडं ये. अंमलदारांच्या कुत्र्यांशी उर्दूत, आणि तहसीलदारांच्या कुत्र्याला तर चक्क 'आप' म्हणायची. माणसांशी ती उर्दू कधी बोलली नाही, लाजायची. कुत्र्यापुढं लाज कसली, असं तिचं म्हणणं.

आणि भाकरी घालताना दर वेळी मालकाचं नाव घ्यायची. "घे, वकीलसाहेबांची भाकरी." "घे, चन्नाप्पाची भाकरी." सकाळ-संध्याकाळ, न चुकता. मी एकदा विचारलं, अक्का, भाकरी तर तुम्ही थापली, मग नाव दुसऱ्याचं कशाला?

"अगं, हे दुसऱ्याचं कुत्रं हाय," ती म्हणाली. "माझ्या हातची खाऊन खाऊन माझं होऊन बसलं तर? कुणाचं कुत्रं आपल्याला लावून घेणं अन् कुणाच्या घरातली घागर उचलून आणणं, एकच हाय बघ."

म्हणून ती कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवायची नाही. गोचीड काढायची, जखम धुवायची, कडुनिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घालायची, पण काम झालं की उठायची. मी नवीन नवरी, माहेर लांब, हे दिवसभर मदरशात. एका दुपारी तिच्या अंगणात कुणाच्या तरी पिल्लाला मांडीवर घेऊन बसले होते, आणि त्याला माझ्या धाकट्या बहिणीच्या नावानं हाक मारत होते. नरसाक्कानं येऊन पिल्लू उचललं आणि कापडावर नेऊन ठेवलं. मला वाटलं आता बोलणी बसणार. पण ती माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "करमत न्हाई व्हय? मग माझ्याकडं येत जा. मी काय कुणाची ठेव न्हाई, परत द्यायला." त्या दिवसापासून माझी दुपार तिच्या पडवीत जायला लागली.

अशा बाईच्या हातून एक ठेव बुडायची वेळ आली. तेच सांगायला बसले आहे.

तहसील कचेरीत एक पेशकार होते. तहसीलदारापुढं कागद मांडायचे आणि त्यावर हुकूम लिहून घ्यायचे, हे पेशकाराचं काम. सगळे त्यांना पेशकारसाहेबच म्हणायचे. पन्नाशीकडं झुकलेले, पाच वेळा नमाज पढणारे, कुणाशी वावगं न बोलणारे गृहस्थ. इतकी वर्षं मराठी मुलखात काढल्यामुळं त्यांची बोली निम्मी उर्दू, निम्मी मराठी झाली होती. मूलबाळ नव्हतं. घरी बीबी, पडद्यात राहणाऱ्या. आम्ही कुणी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. सोवळ्यातली बाई तिकडं जाणार कशी आणि पडद्यातली इकडं येणार कशी?

बीबी आजारी पडल्या आणि त्यांना हैदराबादच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. जायच्या सकाळी पेशकारसाहेब कुत्रं घेऊन आले. बदामी रंगाचं, उभ्या कानांचं, गावठीच कुत्रं. नाव बादाम. गल्लीच्या तोंडाशी सर्व्हिस मोटार उभी होती. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून कोळशाच्या गॅसवर चालवायचे ती, मागं भट्टीचा धूर. मोटारीच्या पुढच्या बाजूला चादर लावून पडदा केला होता. साहेबांनी रिवाजाप्रमाणं बसून भाकरी कुस्करली. बादामनं खाल्ली नाही. तो मोटारीकडंच बघत होता. पडद्यातून एक हात बाहेर आला, हिरव्या बांगड्यांचा, क्षणभर हलला आणि आत गेला. बादाम दोरीला असा झटका देऊन उठला की साहेबांच्या हाताला काच पडला.

"पंधरा दिन, बेटा," साहेब म्हणाले. "पंधरा दिवसांत येतो." आणि आपला जुना सदरा ठेवून ते घाईनं गेले.

बादाम त्या सदऱ्यावर कधी झोपलाच नाही. सदऱ्याशेजारी उघड्या जमिनीवर पडायचा. "घे, पेशकारसाहेबांची भाकरी," नरसाक्का म्हणायची आणि तो मान फिरवायचा. असे दिवस जायला लागले आणि त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या. मग तिनं नियम मोडला. त्याच्यापुढं बसली आणि एकेक घास हातानं भरवू लागली. तिच्या बांगड्या वाजल्या की त्याचे कान उभे राहायचे. तो हळूहळू खाऊ लागला. भरवताना नाव तेच, पेशकारसाहेबांचं, अगदी न चुकता.

साहेब पंधरा दिवसांत आले नाहीत. जाताना ज्वारी पोटऱ्यात होती. ती निसवली, काढली, खळ्यावर गेली, मळून घरी आली, तरी त्यांचा पत्ता नाही. एवढ्या काळात बादाम नरसाक्काची सावली झाला. ती आडावर गेली की हा आडावर, ती माळवदावर वाळवण घालायला गेली की हा शिडीखाली. किशनरावसुद्धा या एका कुत्र्यापुढून छत्री मिटून जायला लागले. सगळ्यांना कौतुक, तिला मात्र घोर.

"बरं न्हाई हे," ती मला म्हणायची. "मी ह्याला झिडकारते, तरी हे चिकटूनच. नाव तर मी साहेबांचंच घेऊन राहिले की गं. मग हे माझं कसं होऊन राहिलं?"

मग कचेरीच्या शिपायाकडून कळलं की बीबी गेल्या. आणि काही दिवसांनी पेशकारसाहेब परत आले. मी पडवीत तांदूळ निवडत होते. गल्लीतून येणारा माणूस मी ओळखलाच नाही, इतके ते खंगले होते. ओट्यावर बसले आणि त्यांनी हाक मारली, "बादाम."

बादाम उठला. शेपूट हलवलं, पाहुण्याला हलवतात तेवढंच. त्यांचा हात हुंगला आणि फिरून नरसाक्काच्या मागं जाऊन बसला.

साहेब म्हणाले, "रहने दो, अक्का. तुमच्याचकडं राहू द्या त्याला. खूश आहे बेचारा."

दुसरी कुणी असती तर सुटले म्हणाली असती. नरसाक्काचा चेहरा पांढरा पडला. "असं कसं, साहेब? तुमचं हाय ते. घेऊन जावा." तिनं स्वतः दोरी बांधून त्यांच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी बादाम तिच्या दारात, गळ्यात चावून तोडलेली दोरी. साहेब पुन्हा येऊन घेऊन गेले. तो पुन्हा आला. गावाला विषयच मिळाला. नरसाक्का कुत्री फितवते, भाकरीत काहीतरी घालते, इथपर्यंत मजल गेली. आडावर एकीनं तोंडावरच विचारलं. इतर वेळी नरसाक्कानं तिची सात पिढ्यांची उजळणी केली असती. त्या दिवशी ती घागर घेऊन गप्प घरी आली.

किशनराव समजुतीनं म्हणाले, "साहेबच ठेवा म्हणतात, तर ठेवून घ्यावं की."

"साहेबांना दुसरं काय हाय?" ती त्यांच्यावर कडाडली. "बायको गेली. लेकरू न्हाई. मोकळ्या घरात कुलूप काढून जायचं अन् आत कुणी न्हाई. त्या माणसाचं एवढं एकच उरलं होतं, ते मी खाल्लं. मला अन्न गोड लागंल का?" आणि ती रडली. मी तिला रडताना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

तिसऱ्यांदा साहेब आले तेव्हा ती दाराआड उभी न राहता डोक्यावर पदर घेऊन सरळ ओट्यावर आली. किशनराव खांबाला टेकून, मी पडवीत, बादाम तिच्या पायाशी.

"साहेब, एक विचारते. तुमच्या घरी ह्याला खायला कोण घालायचं?"

"बीबीच. और कौन?" साहेब म्हणाले. "पावसात भिजलेलं पिल्लू आलं होतं दारात. त्यांनी ठेवून घेतलं. मी म्हटलं, नमाजी घर आहे, कुत्रं नको. पण ऐकलं नाही. अंगणात चूल होती ना, तिथंच बसायचा त्यांच्याजवळ."

"अन् तुम्ही?"

"मैं क्या, सकाळी कचेरी, रात्री घरी. मी त्याला कधी हात पण नाही लावला. कपडे नापाक होतात म्हणून." एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली.

नरसाक्का मटकन खालीच बसली. "मी मेली येडी," ती म्हणाली. "रोज तुमच्या नावाची भाकरी घातली. अहो, तुमची न् त्याची ओळख तरी हाय का? कुत्रं बीबीचं. अन् मी त्याला एकदाबी तिचं नाव ऐकवलं न्हाई."

ऐकवणार कुठून? ते नाव आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. कुत्रं घरधन्याचं, घर घरधन्याचं, दारावर नाव घरधन्याचं, हेच आम्ही धरून चाललो होतो. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नव्हती आणि नवरा बायकोला 'अगं' म्हणून हाक मारायचा. त्यांच्यात पडद्यातल्या बाईचं नाव परक्यांच्या कानावर जाणं म्हणजे पडदा फाटल्यासारखंच. इतकी वर्षं गावात राहिलेल्या बाईचं नाव ती गेल्यावरसुद्धा गावाला ठाऊक नाही, आणि यात कुणाला काही वावगंही वाटलं नव्हतं.

"बीबीचं नाव काय होतं, साहेब?" नरसाक्कानं विचारलं.

किशनराव खाकरले आणि आत जायला वळले. मी तांदळाचं सूप उगाच हलवलं. साहेबांच्या कानशिलावरची शीर उडत होती. त्यांना राग आला असं मला वाटलं. ते उठून जातील असंही वाटलं. मग ते अगदी हळू म्हणाले, "सकीना."

बादाम उभा राहिला.

"घरात हाक मारायचा तशी मारा," नरसाक्का म्हणाली.

"सकीना," साहेबांनी हाक मारली. संध्याकाळी कचेरीतून येऊन दारातून मारत असतील तशी. बादाम ओट्यावरून उडी मारून गल्लीत गेला. मोटार उभी राहिली होती त्या कोपऱ्याकडं बघत उभा राहिला, कान ताठ, शेपूट ताठ. कोपऱ्यावर कुणी नव्हतं. तो वळला आणि त्यानं साहेबांकडं बघितलं. इतक्या दिवसांत त्यानं त्यांच्याकडं बघितलं ते त्या वेळी. साहेबांना हुंदका आवरला नाही. बादाम हळूहळू परत आला, आणि त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून उभा राहिला. नापाक-पाक काही न बघता त्यांनी दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं.

मला वाटलं, झालं. पण नरसाक्का हुशार होती. बादामला तिनं त्या दिवशी साहेबांबरोबर धाडलं नाही, आणि संध्याकाळी लुगड्याचं बोचकं बांधलं.

"निघालात कुठं?" मी विचारलं.

"निलंग्याला, भावाकडं. माझा आवाज ह्या घरात हाय तवर ते मनानं जायचं न्हाई. तू भाकरी करून देत जा. साहेबांना म्हणावं, रोज ओट्यावर येऊन आपल्या हातानं घाला. अन् तिच्या नावानं. मोठ्यानं." बादाम आडाकडं गेल्याची वेळ साधून ती मागच्या दारानं गेली. किशनरावांना स्वयंपाकातलं काही येत नव्हतं. त्यांची भाकरी पण माझ्याचकडं.

मग देगलूरनं ते दृश्य बघितलं. कचेरी सुटली की पेशकारसाहेब मुन्शीच्या ओट्यावर यायचे, माझ्या हातची वाकडीतिकडी भाकरी कुस्करायचे आणि भर गल्लीत म्हणायचे, "ले बेटा, सकीना की रोटी." पहिल्या दिवशी पोरं हसली. किशनरावांनी कोपऱ्यातली छत्री उचलली आणि पोरांच्या मागं लागले. त्या माणसाला कुणावर धावून जाताना मी तेवढंच पाहिलं. नंतर कुणी हसलं नाही. शिंपी मशीन थांबवायचा. पलीकडच्या म्हाताऱ्या ओट्यावर येऊन बसायच्या आणि बीबी कशा होत्या, विचारायच्या. साहेब सांगायचे. त्यांना आंबाडीची भाजी आवडायची, त्या गाणं चांगलं म्हणायच्या, त्या रागावल्या की भांडी घासायच्या. जिवंतपणी जी बाई गल्लीला दिसली नाही ती मेल्यावर आम्हाला माहितीची झाली.

बादाम सुरुवातीला खाऊन नरसाक्काला शोधायचा. परसात जायचा, शिडीखाली बसायचा, परत यायचा. मग शोधणं कमी झालं. एका संध्याकाळी साहेब उठले तसा तो दोरीशिवाय त्यांच्या मागून चालू लागला. कोपऱ्यावर थांबला, मला वाटलं वळतो आता. पण त्यानं खांब हुंगला आणि पुढं गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी नरसाक्काच्या दारात कुणी नव्हतं.

मी निलंग्याला जाणाऱ्या छकड्यावाल्याकडून निरोप धाडला. नरसाक्का आली ती मागच्याच दारानं. बोचकं खाली न ठेवता विचारलं, "जेवतंय?" जेवतंय म्हटलं. "त्यांच्या हातचं?" हो म्हटलं. मग तिनं पाणी मागितलं.

तेव्हापासून तिनं बादामला हाक मारली नाही. साहेब त्याला घेऊन रस्त्यानं निघाले की ती असेल तिथं मुकी व्हायची. भाजीवालीशी हमरीतुमरी चालली असायची, वांगी किडकी, माप खोटं, आणि मध्येच ही गप्प. भाजीवाली गोंधळून भाव उतरवायची. साहेब पुढं गेले की ही सुटलेलं वाक्य पुन्हा धरायची. बाकी कुत्री येत होती, जात होती, नियम तेच होते. फक्त कुत्रं ठेवायला आलेल्याला आता एक प्रश्न जास्त असायचा. "ह्याला घालतं कोण? त्यांचं नाव सांगा. बाईमाणसाचं असलं तरी सांगा." आणि लोक सांगायचे. कुणी लाजत, कुणी चिडत, पण सांगायचे.

पुढं पेशकारसाहेबांची बदली झाली, परभणीकडं. आमचंही लातूरला जायचं घाटत होतं, त्यामुळं नरसाक्काला मी शेवटचं नीट पाहिलं ते साहेब निघाले त्या सकाळीच. सामानाची बैलगाडी आमच्याच गल्लीतून जायची होती. साहेब आदल्या दिवशी येऊन किशनरावांना भेटून गेले होते, बादामला मुद्दाम घरी ठेवून. त्यांना ते कळत होतं.

गाडीची घुंगरं ऐकू आली तशी नरसाक्का दाराच्या फळीमागं उभी राहिली. दोन्ही हात पदरात गुंडाळले, बांगड्या वाजू नयेत म्हणून. फटीतून बघत होती. मी तिच्या मागं. गाडीत ट्रंका, वळकट्या, आणि साहेबांच्या मांडीशी बादाम, पुढच्या पायांवर हनुवटी टेकून. साहेबांनी आमच्या दाराकडं बघून कपाळाला हात लावला. गाडी कोपऱ्यावर गेली, वळली, धूळ खाली बसली.

नरसाक्का तशीच उभी. मी म्हटलं, "अक्का, गेले."

"मागं वळून बघितलं न्हाई गं त्यानं," ती म्हणाली. "एकदाबी न्हाई. सुटले बाई मी."

"मग रडता कशाला?"

तिनं पदरातून हात बाहेर काढले आणि डोळे पुसले.

"बघितलं न्हाई म्हणून."